पोलवरचा माणूस नेमका कुणाचा?

पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते, 'विजेच्या धक्क्याने कंत्राटी कामगाराचा मृत्यू'. गावाचं नाव, वय, मागे बायको आणि दोन लहान मुलं, पोलिसात आकस्मिक मृत्यूची नोंद. बातमी तिथं संपते आणि खरा वाद तिथून सुरू होतो, कारण पुढचे काही दिवस सगळं भांडण एकाच गोष्टीवर चालतं की हा माणूस होता कुणाचा. वीज कंपनी म्हणते आमचा नाही, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा. एजन्सी म्हणते आमचा आहे पण पोलवर चढायला आम्ही सांगितलं नव्हतं, सेक्शनच्या, म्हणजे कंपनीच्या स्थानिक शाखेच्या लोकांनी सांगितलं. सेक्शनवाले म्हणतात आम्ही फक्त फॉल्ट बघून ये म्हणालो होतो, चढ कोण म्हणालं? मग नातेवाईक बॉडी ताब्यात घ्यायला नकार देऊन ऑफिससमोर बसतात, आमदार येतात, कुणीतरी काहीतरी लिहून देतं आणि प्रकरण मिटतं.

सरकार आणि इलेक्ट्रिकल धंद्यातल्या संघटनांनी सुरक्षेसाठी हातात हात घालून काम करावं असं सगळेच म्हणतात. कॉन्ट्रॅक्टर असोसिएशन म्हणतात, युनियन म्हणतात, मंत्री तर दर कार्यक्रमात म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळे जोपर्यंत मेलेल्या, भाजलेल्या, हात गमावलेल्या माणसांची एकच यादी एकत्र बसून बनवत नाहीत, आणि त्या यादीत 'आमचा नाही' म्हणायला जागाच ठेवत नाहीत, तोपर्यंत या सहकार्याला काडीचा अर्थ नाही. बाकीचं सगळं बॅनर आणि चहा.

ज्यांचं आयुष्य शहरात गेलंय त्यांना झिरो वायरमन ही भानगड कदाचित माहीत नसेल. गावात एक पोरगा असतो, कधी आयटीआय झालेला, कधी नाही, लाईनमनच्या मागे मागे फिरून शिकलेला. कंपनीच्या हजेरीवर तो नाही, एजन्सीच्या यादीतही नाही. पण फ्यूज टाकणं, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचा डीओ फ्यूज बसवणं, तुटलेला जंपर, म्हणजे दोन तारांमधला जोड, जोडणं, झाडाची फांदी काढणं, हे सगळं तोच करतो. लाईनमनकडे चार-सहा गावं, जागा रिकाम्या, त्यात त्याचंही वय झालेलं, गुडघे बोलायला लागलेले. आणि शेतीची लाईट रात्रीची असली की मोटर बंद पडते तीही रात्रीच, पीक वाळत असतं, शेतकरी सकाळपर्यंत थांबायला तयार नसतो, आणि का थांबेल? मग फोन जातो झिरोला. तो बाईकवर येतो, पक्कड खिशात, पायात स्लीपर, चढतो, करतो, शेतकरी हातावर काहीतरी टेकवतो.

हे कुणापासून लपलेलं नाही. सरपंचाला माहीत असतं, शाखा अभियंत्याला माहीत असतं, वरच्या साहेबांनाही माहीत असतं, किंबहुना गावाची लाईट त्याच्यावर चालते हे सगळ्यांना मान्य असतं. फक्त कागदाला माहीत नसतं. आणि मेल्यावर तोच कागद बोलतो, 'सदर इसम अनधिकृतपणे पोलवर चढला'. म्हणजे ज्याच्या जिवावर वर्षानुवर्षं सेक्शन चालला तो एका वाक्यात गुन्हेगार होतो, आणि कामगारांच्या अपघातांच्या आकड्यात तर येतच नाही कारण तो कामगारच नव्हता ना.

आता सहकार्य म्हणून सध्या काय चालतं ते बघू. विद्युत सुरक्षा सप्ताह होतो. विद्युत निरीक्षक कार्यालय, महावितरण, कॉन्ट्रॅक्टरांच्या स्थानिक संघटना मिळून रॅली काढतात, शपथ घेतात, शाळेत चित्रकला स्पर्धा ठेवतात, 'ओल्या हाताने बटणाला हात लावू नका' चे पोस्टर लागतात. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस असतो, त्याच तारखेला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या पुढाकाराने लाईनमन दिवसही साजरा व्हायला लागलाय, देशभरातल्या कंपन्यांचे लाईनमन बोलावून त्यांचा सत्कार करतात. हे वाईट नाहीये. लाईनमनला स्टेजवर खुर्ची मिळाली हे चांगलंच झालं, कारण एरवी त्याला लोक फक्त लाईट गेल्यावर आठवतात आणि तेही शिव्या द्यायला. पण सत्कार झालेल्या माणसाच्या हाताखालचा हेल्पर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच फाटक्या बेल्टवर चढणार असेल तर त्या शालीचा उपयोग काय?

विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा देशाचा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात मिळतो, अलीकडच्या वर्षांत तो सातत्यानं वर्षाला १२ हजारांच्या वर आहे. म्हणजे रोज तीसहून जास्त माणसं. पण त्यात पोलवर काम करणारे किती, शेतात तुटलेल्या तारेवर पाय पडलेले किती, कूलरला हात लागून गेलेली पोरं किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. कामगारांच्या सुरक्षेचं धोरण बनवायचं तर पहिला प्रश्न हाच ना की कामगार किती गेले, आणि कशानं? तो आकडा तुकड्यातुकड्यात आहे, काही निरीक्षकाकडे, काही कंपनीकडे, काही पोलिसांकडे, काही विमा कंपन्यांकडे आणि ईएसआय या कामगार विमा योजनेकडे, आणि झिरो तर कुणाकडेच नाही.

इथं थोडं माणूस मरतो कसा ते सांगायला पाहिजे, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की हातमोजे घातले नाहीत म्हणून मेला, संपला विषय. आपल्याकडे ११ केव्हीवरचं, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या लाईनवरचं बहुतेक काम लाईन बंद करूनच होतं. पद्धत अशी की उपकेंद्राच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं, त्यानं फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी ती लाईन, बंद करायचा, पुढे लाईनवरचा एबी स्विच उघडून कुलूप घालायचं, 'काम चालू आहे' चा बोर्ड अडकवायचा, टेस्टरनं सप्लाय नाही याची खात्री करायची, मग जिथं काम करायचंय त्याच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून लाईन अर्थ करायची, म्हणजे जमिनीशी जोडायची, आणि मगच तारेला हात. पुस्तकात हे सगळं एकदम नीट आहे.

फील्डवर परमिट फोनवर घेतलं जातं. फोनवर फीडरचं नाव सांगताना गावठाण आणि शेतीची लाईन यात गल्लत होते. एकाच पोलवर दोन फीडरच्या तारा असतात, एक बंद असतो, दुसरा चालू. एबी स्विच ओढला तरी तीन ब्लेडपैकी एक गंजून अडकलेलं असतं, अंधारात खालून ते दिसत नाही, दोन फेज बंद आणि एक जिवंत. डिस्चार्ज रॉड सेक्शनला असतो पण तो लांबलचक प्रकार बाईकवर घेऊन जायचा कसा, म्हणून राहतो ऑफिसातच. शिफ्ट बदलते, नवीन ऑपरेटरला कुणी सांगितलेलं नसतं, तिकडून गावकऱ्यांचे फोनवर फोन, 'लाईट कधी येणार', आणि तो फीडर चालू करतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॅकफीड. लाईन उपकेंद्रातून पूर्ण बंद आहे, परमिट बरोबर आहे, सगळं केलंय, फक्त अर्थिंग राहिलंय. इकडे मंगल कार्यालयात किंवा एखाद्या दुकानात लाईट गेली म्हणून जनरेटर चालू केला आणि जनरेटर आणि बाहेरची लाईन वेगळी ठेवणारा चेंजओव्हर स्विच लावलेलाच नाही, सरळ मेन बोर्डात वायर घातली. तो करंट मीटरमधून उलटा एलटी, म्हणजे कमी दाबाच्या लाईनवर, तिथून ट्रान्सफॉर्मरला. ट्रान्सफॉर्मरला काय कळतंय कुठून आलं ते, तो ११ केव्हीचे ४१५ व्होल्ट करतो तसा ४१५ चे ११ केव्हीही करतो. दोन किलोमीटरवर पोलवर बसलेल्या माणसाला लाईन मेलेली आहे असं वाटत असतं.

आता सांगा, यात चूक कुणाची? ऑपरेटर कंपनीचा किंवा बाह्यस्रोत एजन्सीचा, पोलवरचा हेल्पर दुसऱ्याच एजन्सीचा, जनरेटर जोडला गावातल्या खासगी वायरमननं, मंगल कार्यालयाच्या वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट सही केला लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरनं जो कदाचित तिथं गेलाही नसेल, आणि स्विच खराब झालाय हे तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी रजिस्टरला लिहिलं होतं पण मटेरियल आलं नाही. अपघात हा सगळ्यांनी मिळून घडवलेला असतो. म्हणून तो थांबवायचा तर सगळ्यांनी मिळूनच थांबवावा लागेल. यात मोठेपणा वगैरे काही नाही, दुसरा इलाजच नाही एवढंच.

कायदा नाही असं नाही. २००३ च्या वीज कायद्यात कलम १६१ आहे, त्याखालच्या नियमांनुसार अपघात झाला की २४ तासांत विद्युत निरीक्षकाला कळवायचं, त्यानं चौकशी करायची. कलम ५३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम आहेत, २०१० चे होते, २०२३ ला नवीन आले. तरतुदी वाचल्या तर कुठंही कमी वाटत नाही. पण चौकशीचा अहवाल होतो आणि जातो कुठं? नुकसानभरपाईच्या फाईलमध्ये. शेजारच्या सबडिव्हिजनमधल्या लाईनमनला सहसा कळतही नाही की वीस किलोमीटरवर अगदी आपल्यासारख्याच डीपीवर कोण कसा गेला. ज्याला कळायला पाहिजे त्याला सोडून तो कागद सगळ्यांकडे फिरतो.

अजून एक अडचण आहे ती मोठे लोक बोलत नाहीत. विद्युत निरीक्षकांचं खातं राज्याच्या ऊर्जा विभागाखाली. महावितरण ही सरकारचीच कंपनी, तीही त्याच ऊर्जा विभागाकडे. म्हणजे अंपायर आणि बॅट्समन एकाच घरातले. निरीक्षक प्रामाणिक नसतात असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यांच्यात चांगले कडक अधिकारी असतात आणि माणसं कमी असताना ते लोक जिल्हेच्या जिल्हे सांभाळतात. पण आपल्याच विभागाच्या कंपनीवर ताशेरे ओढायचे तर हात जरा जड होतो, हा माणसाचा स्वभाव आहे. हे खातं कामगार सुरक्षेच्या बाजूला, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या शेजारी तरी नेऊन बसवावं असं मला फार वाटतं. होईल का? लवकर तरी नाही.

बाहेर कुठं हे जमलंय का म्हणून बघायचं तर अमेरिकेचं एक उदाहरण खरंच बघण्यासारखं आहे. तिथं १८९१ मध्ये सेंट लुईसला लाईनमन आणि वायरमन लोकांनी युनियन काढली, जी पुढे इंटरनॅशनल ब्रदरहूड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स झाली. तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाईनमन, १८९६ मध्ये वॉशिंग्टनला कामावर असताना शॉक बसून पोलवरून पडला आणि गेला. अध्यक्ष पोलवर मेला! कॉन्ट्रॅक्टरांनी १९०१ ला आपली संघटना काढली, नेका. हे दोघं पगारावरून एकमेकांशी भांडतात, पण १९४१ मध्ये दोघांनी मिळून शिकाऊ कामगारांच्या ट्रेनिंगची संयुक्त समिती केली आणि ती आजही वेगळ्या नावानं चालू आहे. म्हणजे नवीन पोराला काय शिकवायचं हे मालक एकटा ठरवत नाही आणि युनियनही एकटी ठरवत नाही.

मग २००४ मध्ये तिथल्या सरकारचं सुरक्षा खातं ओशा, ही युनियन, नेका आणि लाईनचं काम करणाऱ्या मोठ्या कॉन्ट्रॅक्टर कंपन्या यांनी एक पार्टनरशिप केली, फक्त ट्रान्समिशन आणि डिस्ट्रिब्युशनच्या कामासाठी. वीज कंपन्यांची संघटना एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूटही त्यात आली. त्यांनी काय केलं, तर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी आपापले अपघात एकत्र टेबलावर टाकले. माणसं कुठल्या कामात, कुठल्या क्षणी मरतायत ते शोधलं आणि त्यावरून कामाच्या पद्धती लिहून काढल्या, काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी थांबून बोलायचं, एक माणूस फक्त बघायला ठेवायचा ज्यानं दुसरं काही करायचं नाही, माणसाला वर नेणारी बकेट खालच्या जागेवरून उठल्यापासून परत बसेपर्यंत रबरी मोजे काढायचे नाहीत. ही शेवटची गोष्ट ऐकायला फालतू वाटते. पण मोजे 'तारेजवळ गेल्यावर घालू' म्हणणारी माणसं मरत होती हे यादी केल्यावरच समजतं ना.

२०१४ ला ओशानं आपला जुना नियम सुधारला त्यात एक कलम मला फार आवडतं, ज्या कंपनीची लाईन आहे तिनं आणि जो कॉन्ट्रॅक्टर काम करतोय त्यानं धोक्याची माहिती एकमेकांना दिलीच पाहिजे. आपल्याकडच्या 'आमचा नाही' वर हेच तर औषध आहे, माणूस कुणाचाही असो, लाईनची माहिती त्याच्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी दोघांची.

तिथंही सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं नाही. त्याच २०१४ च्या नियमाला एडिसन इन्स्टिट्यूटनं कोर्टात आव्हान दिलं आणि नंतर तडजोड झाली. पार्टनरशिपमध्ये राहून कोर्टात भांडले, आणि मला हे चांगलं लक्षण वाटतं. ज्या सहकार्यात कधीच भांडण होत नाही तिथं एकतर कुणी काही बोलत नसतं नाहीतर सगळे मिळालेले असतात. अशा ऐच्छिक पार्टनरशिपवर तिथं टीकाही झाली, तिथल्या संसदेच्या ऑडिट खात्यानं २००४ मध्येच म्हटलं होतं की हे प्रकार आशादायक दिसतात पण परिणाम नीट मोजल्याशिवाय वाढवू नका. आणि अमेरिकेत आजही लाईनमन मरतातच, वादळानंतर तर हमखास. तेव्हा तिकडे स्वर्ग आहे असं कुणी समजू नये.

आपल्याकडे लगेच कुणी म्हणेल की सरकारनं कॉन्ट्रॅक्टरशी दोस्ती करायची म्हणजे कुंपणानंच शेत खायचं. भीती खरी आहे. कॉन्ट्रॅक्टर असोसिएशनशी एमओयू झाला की त्यांच्या मेंबरवर कारवाई करताना फोन येणार, 'साहेब, आपलेच लोक आहेत'. म्हणून सहकार्य आणि तपासणी या दोन गोष्टी वेगवेगळ्या माणसांच्या हातात पाहिजेत, जो अपघाताच्या यादीवर बसून शिकतो तो दंड ठोकणारा नको. नाहीतर कुणी खरं सांगणारच नाही.

कॉन्ट्रॅक्टरची बाजूही ऐकायला हवी, कारण त्यांना शिव्या देणं सोपं आहे. टेंडर सगळ्यात कमी रेटवाल्याला जातं. दहा जण भरतात, मजुरीचा किमान दर सगळ्यांना सारखाच, मटेरियल सारखंच, मग कमी करायचं कशात? बेल्ट, मोजे, ट्रेनिंग, सुपरवायझर. ज्यानं हे सगळं नीट धरून रेट भरला तो टेंडर हरतो. प्रामाणिक कॉन्ट्रॅक्टरला आपण स्वतः हरवतो आणि मग म्हणतो कॉन्ट्रॅक्टर चोर आहेत. सुरक्षेचा खर्च टेंडरमध्ये वेगळी ओळ म्हणून, ठरलेल्या रकमेचा असावा, त्यात कुणी स्पर्धाच करायची नाही, आणि वापरला तरच बिल. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर्स असोसिएशन ऑफ महाराष्ट्र सारखी जुनी संघटना राज्यात आहे, ही मागणी तिनं आणि युनियननं एकत्र लावून धरली तर कुठला सेक्रेटरी नाही म्हणेल? पण आधी असोसिएशनांनी आपल्या घरातलं एक झाडून काढावं, लायसन भाड्यानं देणं. टेस्ट रिपोर्टवर सही कुणाची आणि वायरिंग केलं कुणी याचा संबंध नसतो हे धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मेंबरशिप काढून घेण्याची हिंमत किती संघटना दाखवतात?

आणि युनियन. महाराष्ट्रात वीज कामगारांच्या युनियनची ताकद काय आहे हे ४ जानेवारी २०२३ ला सगळ्यांनी बघितलं. महावितरणच्याच भागात वीज वाटायला अदानीनं मागितलेल्या समांतर परवान्याच्या विरोधात तीसएक संघटना एकत्र आल्या, ७२ तासांचा संप पुकारला, आणि त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांनी बैठक घेऊन खासगीकरण करणार नाही असं सांगितलं, संप मागे. एका दिवसात! म्हणजे टेबल लावता येतं, सरकारला बसवता येतं. मग पोलवर मरणाऱ्या कंत्राटी पोरासाठी तेच टेबल का लागत नाही? मागण्यांच्या यादीत सुरक्षा साधनं असतात, पण बहुतेक वेळा पगारवाढ, भरती, पेन्शन यांच्या खाली कुठंतरी. आणि स्पष्टच बोलायचं तर कायम आणि कंत्राटी यांच्यातलं अंतर युनियनच्या आतही आहे. कायम तंत्रज्ञ खाली उभा आणि कंत्राटी वर चढलेला, हे चित्र युनियनच्या पुढाऱ्यांनी बघितलेलं नाही असं कुणी सांगू नये. झिरोचं तर बोलायलाच नको, त्याला पोसणारा कायम लाईनमनच असतो कितीदा तरी.

म्हणजे तिघांचेही हात अडकलेले आहेत, आणि म्हणूनच एकत्र यादी बनवायला कुणी तयार नाही. यादी बनली तर कंपनीला सांगावं लागेल की जागा भरल्या नाहीत, कॉन्ट्रॅक्टरला सांगावं लागेल की मोजे दिले नाहीत, युनियनला सांगावं लागेल की आपलाच माणूस दुसऱ्याला वर चढवत होता.

सुरुवात कुठून करायची? मला विचाराल तर न मेलेल्यांपासून. शॉक बसला पण वाचला, बेल्ट तुटला पण फांदीला अडकला, परमिट चुकीच्या फीडरचं होतं पण टेस्टर लावला म्हणून कळलं, असे प्रकार प्रत्येक मृत्यूमागे कितीतरी घडतात आणि चहाच्या टपरीवर हसत हसत सांगितले जातात. ते लिहून घ्या. नाव न लिहिता, मराठीत, व्हॉट्सॲपवर बोलून रेकॉर्ड केलं तरी चालेल. शिक्षा नाही याची हमी युनियन आणि निरीक्षक दोघांनी द्यायची. सहा महिन्यांत कंपनीच्या एका सर्कलमध्येच (साधारण जिल्ह्याएवढ्या भागात) इतकं बाहेर येईल की कुठला एबी स्विच आधी बदलायचा हे कुणाला विचारायला लागणार नाही. आणि झिरोचा प्रश्न 'बंदी' चं परिपत्रक काढून सुटणार नाही, अशी परिपत्रकं येतात आणि नोटीस बोर्डावर पिवळी पडतात. जे काम तो करतोय ते काम आहे आणि ते करायला माणूस नाहीये, हे आधी कबूल करा. त्यातल्या आयटीआय झालेल्यांना घ्या, नसलेल्यांना तारतंत्रीची, म्हणजे वायरमनची परीक्षा द्यायला लावा, ट्रेनिंगचा खर्च असोसिएशन आणि कंपनीनं वाटून घ्या.

अजून एक, काम थांबवायचा अधिकार. 'अर्थिंग रॉड नाही, मी चढत नाही' असं म्हणणाऱ्या कंत्राटी पोराची दुसऱ्या दिवशी हजेरी लागली पाहिजे. आत्ता तो असं म्हणाला की एजन्सीला फोन जातो, 'हा माणूस बदला'. हे वाक्य कायद्यानं नाही, तिघांच्या लेखी करारानं थांबेल, कारण फोन करणारा कंपनीचा, ऐकणारा कॉन्ट्रॅक्टर आणि मध्ये पडणारी युनियन हे तिघंही त्या कागदावर सही केलेले असतील.

घाई करायला कारण आहे. कामगारांच्या चारही नवीन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, त्यात सुरक्षा आणि आरोग्याची २०२० ची संहिता आहे, तिच्यात मालक आणि कामगारांच्या सुरक्षा समित्या आणि राज्य पातळीवर सल्लागार मंडळाची तरतूद आहे. म्हणजे बसायला कायदेशीर टेबल आहे. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांच्या छपरावर सोलर टाकायचंय. त्यासाठी गल्लोगल्ली नवीन इन्स्टॉलर तयार झालेत, विशीतली पोरं पत्र्यावर बिनाबेल्टची फिरतात. सोलर पॅनेलचं असं असतं की ऊन आहे तोवर ते बंद होत नाही, मेन पाडला तरी पॅनेलकडून येणारी डीसी वायर जिवंतच. चांगला इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतः थांबतो, पण बॅटरीवाले हायब्रीड जुगाड वायरिंग करून बसवले तर तो बॅकफीडचा धोका जनरेटरसारखाच, आणि प्रत्येक गल्लीत. या धंद्याच्या संघटना अजून कोवळ्या आहेत, आत्ता त्यांना यादीत ओढलं तर सवय लागेल, नाहीतर दहा वर्षांनी तेही म्हणायला शिकतील की आमचा माणूस नव्हता.

पैशाचं रडगाणं मला फारसं पटत नाही. महावितरणचे जवळपास तीन कोटी ग्राहक आहेत, रॉड आणि टेस्टरचा खर्च बिलात दिसणारही नाही. दबाव पैशापेक्षा वेळेचा जास्त आहे आणि तो आपण टाकतो. निसर्ग आणि तौक्ते वादळात कोकणात हजारो पोल पडले तेव्हा सगळ्या राज्यातून टीम गेल्या, पावसात चिखलात उभं राहून पोल उभे केले, आणि तिकडे लोक विचारत होते आठ दिवस झाले अजून लाईट का नाही. लोकांचंही चुकत नाही, पाणी नाही, फोन नाही, घरात म्हातारी माणसं. पण वीज नियामक आयोगाच्या मानकांनुसार सप्लाय ठरलेल्या तासांत परत नाही आला तर ग्राहकाला भरपाई मिळते, किती वेळ लाईट गेली याचे निर्देशांक मिनिटामिनिटाचे काढले जातात. सिस्टीममध्ये घाईला दर आहे. थांबून अर्थिंग लावण्याला दर नाही.

दरवाढीची याचिका आली की आयोग जनसुनावणी घेतो, सूचना-हरकती मागवतो. तिथं उद्योजकांच्या संघटना येतात, ग्राहक संघटना येतात, यंत्रमागवाले येतात, युनियनही येते. युनिटमागे किती पैसे यावर दिवसभर चर्चा चालते. त्याच याचिकेत एक पान जोडायला लावा, गेल्या वर्षी कायम, कंत्राटी आणि रोलवर नसलेले मिळून किती माणसं गेली, किती भाजली, कुठल्या फीडरवर, आणि त्या पानावर कंपनी, कॉन्ट्रॅक्टर संघटना आणि युनियन तिघांच्या सह्या. हरकत कुणीही दाखल करू शकतो, त्याला वकील लागत नाही.